एक खासदार, दोन जिल्हे : झोजीलापासून तुर्तुकपर्यंत

सोमवार, 24 जून 2024 : सोनमर्ग – द्रास – कारगिल

झोजीलावर गाड्या सोडायच्या वेळा ठरलेल्या असतात. वेळ चुकली की अर्धा दिवस नाक्यावर जातो. आमचे ड्रायव्हर चाचा द्रासचे, उभं आयुष्य या घाटात गाडी चालवलेले. त्यांनी साडेचारलाच दार वाजवलं आणि उजाडायच्या आत आम्ही सोनमर्ग सोडलं.

मराठी मंडळी बहुतेक विमानानं लेहला उतरतात, नुब्रा-पँगाँग करतात आणि परततात. आम्ही मुद्दाम रस्त्यानं आलो, कारण दादाला मतदारसंघ बघायचा होता. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. त्याची बरीच नोकरी अक्कलकुव्याकडे झाली. निवडणूक लागली की याची ड्यूटी लागलीच. मणिबेलीच्या बाजूला नर्मदेच्या फुगवट्यातून बोटीनं मशीन न्यायचं, शाळेत मुक्काम करायचा, सकाळी मॉक पोल घेऊन सातच्या ठोक्याला मतदान सुरू करायचं. 4 जूनला घरातले सगळे बारामती आणि बीडचे आकडे बघत होते, तेव्हा हा फोनवर लडाखचे आकडे उतरवून घेत होता.

लडाख हा क्षेत्रफळानं देशातला सगळ्यात मोठा लोकसभा मतदारसंघ. कागदावर 1 लाख 73 हजार चौरस किलोमीटर. पाकिस्तान आणि चीनच्या ताब्यातला भाग वगळला तरी 59 हजार उरतात. तेवढ्या जागेत महाराष्ट्राचे नऊ लोकसभा मतदारसंघ मावतील. आणि मतदार किती, तर 1 लाख 84 हजारांच्या थोडे वर. पुण्यातल्या एकट्या कसबा पेठ विधानसभेची मतदारयादी याहून मोठी आहे.

झोजीला 3,528 मीटरवर आहे. जूनअखेरीसही रस्त्याच्या कडेला बर्फाच्या मळकट भिंती उभ्या होत्या. 1 नोव्हेंबर 1948 ला जनरल थिमय्यांच्या योजनेनुसार या उंचीवर रणगाडे चढवले गेले, म्हणून द्रास-कारगिल-लेहचा रस्ता आपल्या हाती राहिला. स्कार्दू मात्र त्याआधीच पाकिस्तानकडे गेलं होतं. संस्थानाच्या काळात लेह, कारगिल आणि स्कार्दू अशा तीन तहसिली मिळून लडाखचा कारभार चाले, आणि हिवाळ्यात कचेरी स्कार्दूला हलत असे. युद्धबंदीची रेषा पडली आणि तिघांतला एक कायमचा सुटला. कारगिलवाल्यांची भाषा, सोयरीक, बाजार सगळं स्कार्दूकडचं. ते तोडलं जाऊन ते लेहशी एका मतदारसंघात बांधले गेले. लडाखच्या राजकारणातली बरीच ओढाताण मला इथून सुरू झालेली दिसते.

द्रासच्या युद्धस्मारकावर तासभर थांबलो. तोलोलिंग समोरच उभा आहे. स्मारकाच्या भिंतीवरची नावं वाचत जाताना दादाला ओळखीची आडनावं दिसू लागली तसा तो गप्प झाला. 1999 च्या मे ते जुलैत हे युद्ध झालं, आणि त्याच सप्टेंबर-ऑक्टोबरात लोकसभेची निवडणूक. तोफगोळ्यांमुळे घरं सोडून गेलेली माणसं परतून दोन-तीन महिने होताहेत तोच मतदान. त्या वेळी नॅशनल कॉन्फरन्सचे हसन खान इथून निवडून आले. चाचा तेव्हा तरुण होते. कुटुंबाला सुरू नदीच्या खोऱ्यात नातेवाइकांकडे ठेवून ते मत द्यायला द्रासला आल्याचं त्यांनी सांगितलं. मत कुणाला दिलं हे दादानं विचारलं नाही. ड्यूटी केलेला माणूस तो प्रश्न विचारत नाही.

कारगिलला हॉटेलच्या काउंटरमागे टीव्ही चालू होता. नव्या लोकसभेतले शपथविधी दाखवत होते. मालक चाव्या देता देता पडद्याकडे बघत होते. “हमारे एम.पी. का नंबर कब आएगा, वही देख रहे हैं।”

त्यांचे एम.पी. म्हणजे मोहम्मद हनीफा, अपक्ष. निवडणुकीच्या आधीपर्यंत नॅशनल कॉन्फरन्सचे कारगिल जिल्हाध्यक्ष. इंडिया आघाडीच्या जागावाटपात लडाख काँग्रेसला गेलं आणि काँग्रेसनं लेहचे त्सेरिंग नामग्याल यांना उमेदवारी दिली. आघाडीचा धर्म म्हणून त्यांचा प्रचार करा, असा वरून निरोप आला. कारगिलच्या नॅशनल कॉन्फरन्सनं त्यावर सामुदायिक राजीनामे दिले आणि हनीफांना उभं केलं. कारगिलमधून अर्ज भरलेल्या इतरांनी माघार घेतली. भाजपनंही आपले विद्यमान खासदार जामयांग त्सेरिंग नामग्याल यांना बाजूला ठेवून लेहच्याच ताशी ग्यालसन यांना तिकीट दिलं होतं. मग मैदानात उरले तिघे, लेहचे दोन आणि कारगिलचा एक.

रात्री जेवताना दादानं वही पुढे केली. हनीफा 65,259. त्सेरिंग नामग्याल 37,397. ताशी ग्यालसन 31,956. हनीफा 27,862 मतांनी निवडून आले. आता लेहच्या दोघांची बेरीज कर, म्हणाला. केली. 69,353.

“आणि ही 2019 ची,” त्यानं पान उलटलं. भाजपचे जामयांग 42,914 मतं घेऊन जिंकले, दुसऱ्या क्रमांकापेक्षा 10,930 जास्त. कारगिलचे दोन अपक्ष, सज्जाद हुसेन 31,984 आणि असगर अली करबलाई 29,365. त्यांची बेरीज 61,349.

पाच वर्षांच्या अंतरानं दोन निवडणुका, आणि हिशेब एकच. ज्या जिल्ह्याची मतं जास्त फुटतात तो हरतो. सगळी मतं जिल्हा बघून पडतात असं मी म्हणणार नाही. लेह बौद्धबहुल आणि कारगिल मुस्लिमबहुल, तरी लेह जिल्ह्यात मुसलमान आहेत, कारगिल जिल्ह्यात बौद्ध आहेत, आणि उमेदवार बघून मत देणारी माणसं सगळीकडे असतात. तरी वहीतलं हे गणित इथल्या पोरासोरांना तोंडपाठ आहे. जेवण वाढणाऱ्या मुलानं बेरीज आमच्या आधी सांगितली.

मंगळवार : कारगिल – मुलबेख – लामायुरू

सकाळी बाजारात फिरलो. पाट्या उर्दूत, चौकात खोमेनींची चित्रं, दुकानांत सुकवलेले जर्दाळू. सुरू नदी पाण्याचा राखाडी लोट घेऊन शहराच्या मधून धावते. इथे पक्षांपेक्षा दोन धार्मिक संस्थांचं वजन जास्त आहे. जुनी इस्लामिया स्कूल आणि नंतरचा इमाम खोमेनी मेमोरियल ट्रस्ट. आगा, म्हणजे सय्यद धर्मगुरू, काय म्हणतात याकडे गावोगाव लक्ष असतं. या दोन गटांत फूट पडली की कारगिलचे दोन उमेदवार होतात, हे चहावाल्यानं आम्हाला दोन वाक्यांत समजावलं. 2024 ला कारगिल एका उमेदवारामागे उभं राहिलं.

कारगिलहून निघाल्यावर तासाभरात मुलबेख लागतं. रस्त्यालगत अख्ख्या कड्यात कोरलेला मैत्रेय बुद्ध आणि त्याच्या पायाशी छोटा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ. हा अजून कारगिल जिल्हाच. दक्षिणेकडचं झांस्करही 2024 मध्ये या जिल्ह्यातलंच होतं आणि तेही बौद्धबहुल. 1979 मध्ये लडाखचे लेह आणि कारगिल असे दोन जिल्हे केले तेव्हा झांस्कर कारगिलमध्ये गेलं. झांस्करमधल्या पदुमच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी पेन्सी ला (ला म्हणजे खिंड) ओलांडून कारगिलला यावं लागत होतं आणि हिवाळ्यात ती वाट बंद. तिकडच्या काही केंद्रांवर मशीन आणि कर्मचारी हेलिकॉप्टरनं न्यावे लागतात. अलीकडच्या तिन्ही लोकसभा निवडणुकांत इथलं मतदान मे महिन्यात झालं. त्याआधी कितीतरी गावांपर्यंत पोचायलाच वाट नसते.

नमिका ला, मग 4,108 मीटरवरचा फोतु ला, आणि लामायुरू. डोंगर इथे पिवळ्या मातीच्या घड्या घातल्यासारखे दिसतात आणि वर मठ.

मुक्कामी विषय निघाला तो 2014 चा. त्या वर्षी भाजपचे थुपस्तान छेवांग यांना 31,111 मतं पडली आणि कारगिलचे अपक्ष गुलाम रझा यांना 31,075. फरक 36 चा. एका एसटीत बसतील एवढी माणसं. त्या वेळी चार उमेदवार होते, लेहचे दोन आणि कारगिलचे दोन, त्यामुळे दोन्हीकडची मतं फुटली आणि सगळं या 36 वर येऊन थांबलं. दादा बराच वेळ मतमोजणीच्या टेबलाबद्दल बोलत होता. एखाद्या दूरच्या केंद्रावरून मतदान पथक बर्फामुळे उशिरा पोचलं असतं, एखाद्या वस्तीत त्या दिवशी वारा सुटला म्हणून म्हाताऱ्या बाहेर पडल्या नसत्या, तर निकाल फिरला असता. भाजपची लडाखमधली ती पहिली लोकसभा जागा. केंद्रशासित प्रदेशाचं वचन प्रचारात होतं. चार वर्षं झाली तरी ते पुरं होईना, तेव्हा नोव्हेंबर 2018 मध्ये छेवांग यांनी खासदारकीचा आणि पक्षाचा राजीनामा दिला. या माणसाची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

बुधवार : लामायुरू – लेह

खालत्सेला सिंधू भेटते आणि लेहपर्यंत सोबत राहते. वाटेत थांबलो नाही. लेहला होमस्टेवाल्या आमा-लेंनी (आमा-ले म्हणजे आई) खांबीर ही जाड रोटी आणि गुरगुर, म्हणजे लोणी-मिठाचा चहा दिला आणि आज कुठे फिरायचं नाही असं बजावलं. झोपलो. (राज्याबाहेरची प्रीपेड सिम इथे चालत नाहीत, पोस्टपेडच चालतं, हे येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.)

गुरुवार : स्पितुक आणि स्तोक

स्पितुकचा गोम्पा विमानतळाच्या धावपट्टीच्या अगदी शेजारच्या टेकडीवर आहे. विमानतळाला नाव आहे कुशोक बकुला रिंपोछे यांचं, आणि हा मठ त्यांचा. बकुलांच्या अवतारपरंपरेतले ते एकोणिसावे. मठाधिपती, आणि लडाखच्या लोकशाहीचा पहिला आवाजही त्यांचाच.

1949 च्या जुलैत नेहरू लेहला आले होते. त्याच सुमारास बकुला राजकारणात उतरले. 1951 मध्ये जम्मू-काश्मीरच्या संविधान सभेत गेले, आणि 1952 मध्ये अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले ते लडाखी भाषेत. राज्याच्या अर्थसंकल्पात लडाखसाठी वेगळी तरतूदच नाही, ही त्यांची तक्रार. श्रीनगरच्या सभागृहात ती भाषा समजणारे किती असतील? पण ज्यांच्यासाठी बोलत होते त्यांच्या भाषेत बोलले. मला या सगळ्या इतिहासातला हा क्षण सगळ्यात मोलाचा वाटतो. पुढे सरकारात लडाखसाठी स्वतंत्र खातं आलं आणि 1953 मध्ये ते त्याचे उपमंत्री झाले.

त्या काळात जम्मू-काश्मीरचे लोकसभा सदस्य मतदानानं निवडले जात नसत. राज्याच्या विधिमंडळाच्या शिफारशीवरून राष्ट्रपती नेमत. 1967 ला पहिल्यांदा थेट निवडणूक आली आणि लडाख मतदारसंघ अस्तित्वात आला. तेव्हा बकुला काँग्रेसतर्फे बिनविरोध निवडून आले. म्हणजे लडाखला लोकसभेचं पहिलं मत द्यायला 1971 उजाडावं लागलं. तेव्हाही तेच जिंकले. नंतर ते दहा वर्षं मंगोलियात भारताचे राजदूत होते आणि साम्यवादी राजवट सरल्यावर तिथला बौद्ध धर्म पुन्हा उभा करायला त्यांनी जीव ओतला. 2003 मध्ये ते गेले.

मठाच्या गच्चीवरून एक विमान उतरताना पाहिलं आणि सिंधू ओलांडून स्तोकला गेलो. जम्मूच्या डोगऱ्यांनी लडाख जिंकल्यावर राजघराणं लेहचा नऊ मजली राजवाडा सोडून इथे आलं. राजवाड्याच्या काही खोल्यांत संग्रहालय आहे. तिथे राणीचा पेराक ठेवलाय. कपाळापासून पाठीपर्यंत उतरणारी चामड्याची पट्टी आणि तिच्यावर ओळीनं शिवलेले शेकडो फिरोजे, हिरव्या-निळ्या रंगाचे, काही अंगठ्याएवढे मोठे. कानांच्या बाजूला काळ्या लोकरीचे पंख. काचेजवळ वाकून पाहिलं तर फिरोज्यांच्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या दिसतात. पिढ्यान्‌पिढ्या आईकडून मुलीकडे जाताना झालेली ही झीज.

या घराण्याच्या राणी पार्वतीदेवी देस्कित वांगमो. माहेर लाहौलचं. 1974 मध्ये राजे कुनझांग नामग्याल वारले आणि 1977 मध्ये राणी काँग्रेसतर्फे लोकसभेला उभ्या राहिल्या. ते साल आठवा. आणीबाणीच्या रागानं उत्तर प्रदेश, बिहार, पंजाब, हरियाणा, दिल्ली इथे काँग्रेसला एकही जागा मिळाली नव्हती. लडाखनं त्या वर्षी काँग्रेसच्या राणीला दिल्लीला पाठवलं. दिल्लीची लाट झोजीला ओलांडून आली नाही. त्यांच्यानंतर आजवर लडाखमधून एकही बाई लोकसभेत गेलेली नाही. शेतात, दुकानात, होमस्टेत, आंदोलनाच्या पहिल्या रांगेत सगळीकडे बाया दिसत असताना हे मला फार खटकलं.

शुक्रवार : लेह बाजार

लेहच्या मुख्य बाजाराच्या टोकाला सतराव्या शतकातली जामा मशीद आहे आणि तिथून काही पावलांवर चोखांग विहार, लडाख बुद्धिस्ट असोसिएशनचं ठिकाण. दुपारच्या नमाजाला माणसं जमत होती आणि विहाराच्या अंगणात म्हाताऱ्या बायका मणीचक्र फिरवत बसल्या होत्या. भाजी विकणाऱ्या लडाखी बाया रस्त्याच्या कडेला, पुढ्यात मुळे, पालक, कोथिंबीर.

1989 मध्ये याच बाजारात वाईट दिवस आले. 1967 पासून सगळे खासदार लेहचेच, बकुला, राणी, मग 1980 आणि 1984 मध्ये फुंतसोग नामग्याल. तरी काश्मीरच्या राज्यकारभारात आपल्याला काही मिळत नाही हा राग लेहमध्ये साठला होता. केंद्रशासित प्रदेशाची मागणी जोरात आली. 27 ऑगस्ट 1989 ला पोलिसांच्या गोळीबारात तिघे मेले. बुद्धिस्ट असोसिएशननं मुसलमानांवर सामाजिक बहिष्कार टाकला आणि तो 1992 पर्यंत चालला. एकाच घरात बौद्ध आणि मुसलमान भावंडं असलेली कुटुंबं इथे होती. त्यांनी ती वर्षं कशी काढली असतील? आमा-लेंना विचारलं तर त्यांनी चहा पुन्हा भरला आणि मुलाच्या परीक्षेबद्दल बोलायला लागल्या. मी पुढे विचारलं नाही.

त्या नोव्हेंबरात लोकसभा निवडणूक झाली आणि पहिल्यांदा कारगिलचा माणूस निवडून आला, अपक्ष मोहम्मद हसन कमांडर. तिथून जागा हेलकावे खाऊ लागली. 1991 ला जम्मू-काश्मीरमध्ये निवडणूकच झाली नाही. 1996 लेहकडे, 1998 आणि 1999 कारगिलकडे, 2004 लेहकडे, 2009 पुन्हा कारगिलकडे, 2014 आणि 2019 लेहकडे, 2024 कारगिलकडे. दरम्यान 1995 मध्ये लेहला स्वायत्त हिल कौन्सिल मिळालं, कारगिलला 2003 मध्ये. 2002 च्या विधानसभेला तर लेहमधल्या पक्षांनी आपापल्या पाट्या उतरवून लडाख युनियन टेरिटरी फ्रंट काढला आणि लेह-नुब्राच्या जागा बिनविरोध घेतल्या.

1989 च्या बहिष्काराच्या वेळी बुद्धिस्ट असोसिएशनचे अध्यक्ष थुपस्तान छेवांग होते. 36 मतांनी जिंकलेले तेच. 2004 ला ते फ्रंटचे खासदार झाले, 2014 ला भाजपचे. 31 ऑक्टोबर 2019 ला लडाख केंद्रशासित झालं, पण विधानसभेविना. लेह, कारगिल, नुब्रा, झांस्कर या चार आमदारांच्या जागा गेल्या. लेहमध्ये आधी जल्लोष झाला. मग जमिनीचं काय, नोकऱ्यांचं काय, कायदे कोण करणार, हे प्रश्न आले. 2024 मध्ये लेहमधल्या संघटनांच्या लेह ॲपेक्स बॉडी या मंचाचे अध्यक्ष छेवांग होते आणि कारगिलच्या तशाच मंचाबरोबर, कारगिल डेमोक्रॅटिक अलायन्सबरोबर, एका टेबलावर बसून ते केंद्राशी बोलत होते. मागण्या चार होत्या. राज्याचा दर्जा, आदिवासी भागांना स्वायत्तता देणारी घटनेची सहावी अनुसूची, स्वतंत्र लोकसेवा आयोग, आणि लेह व कारगिलला एकेक अशा दोन लोकसभा जागा. ज्या माणसाच्या नेतृत्वाखाली बहिष्कार झाला त्याच माणसानं पस्तीस वर्षांनी कारगिलचा हात धरावा, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

संध्याकाळी ज्या मैदानावर मार्चमध्ये सोनम वांगचुक यांनी राज्याचा दर्जा आणि सहाव्या अनुसूचीसाठी उपोषण केलं तिथे जाऊन आलो. 6 ते 26 मार्च, 21 दिवस, पाणी आणि मिठावर, उघड्यावर. रात्री पारा शून्याच्या बराच खाली जात असे, तरी माणसं सोबत झोपायला येत. आम्ही गेलो तेव्हा मुलं तिथे फुटबॉल खेळत होती.

शनिवार : खारदुंगला – दिस्कित

खारदुंगलावर फोटोसाठी रांग. आम्ही थांबलो नाही, दादाचं डोकं दुखत होतं. दिस्कितला ऊन आणि वारा. सियाचीनच्या बाजूला वारशी नावाची वस्ती आहे. 20 मेच्या मतदानासाठी तिथे पाच मतदारांच्या एका कुटुंबाकरता केंद्र उभारलं होतं. पाच मतांसाठी मशीन, व्हीव्हीपॅट, शाई, पथक, बंदोबस्त, सगळं. लडाखमध्ये अशी-तशी मिळून 577 केंद्रं होती. दादाला तिकडे जायची फार इच्छा, पण प्रवासाचे दिवस संपत आले होते.

रविवार : तुर्तुक

श्योक नदीच्या कडेकडेनं रस्ता जातो. तुर्तुक हे स्कार्दूकडच्या बाल्टी लोकांचं गाव. मार्च 1971 मध्ये लोकसभेची निवडणूक झाली तेव्हा ते पाकिस्तानच्या ताब्यात होतं. त्याच डिसेंबरात मेजर छेवांग रिंछेन यांच्या तुकडीनं ते घेतलं. पुढची लोकसभा निवडणूक 1977 ची. इथल्या घराघरांत कुणाचा भाऊ, कुणाची आत्या रेषेपलीकडे राहिलीय.

पूल ओलांडून वरच्या वस्तीत गेलो. जवाचे पिवळट-हिरवे तुकडे, जर्दाळूची झाडं, घरांच्या मधून वाहणारे पाट. शाळेच्या भिंतीवर केंद्राचा क्रमांक रंगवलेला होता आणि दाराशेजारी लढणाऱ्या उमेदवारांची यादी अजून चिकटलेली होती, खळीनं, एक कोपरा सुटलेला. तीन नावं. मान्यताप्राप्त पक्षांची आधी, अपक्षाचं शेवटी. दादानं चष्मा लावून ती पूर्ण वाचली, खालच्या सही-शिक्क्यापर्यंत. “नमुना 7 अ,” म्हणाला. “आमच्याकडेही हाच.” मग खिडकीतून आत डोकावून टेबलं कुठे मांडली असतील, आत यायची-जायची वाट कशी ठेवली असेल, हे मला दाखवू लागला.

घरमालक साठीच्या पुढचे, जर्दाळूच्या बागा असलेले. जेवणानंतर त्यांनी दादाला विचारलं, तुमच्या गावात पूल वाहून गेला तर कुणाकडे जाता? दादानं बोटं मोजली. सरपंच, पंचायत समिती, जिल्हा परिषद, आमदार, खासदार. ते म्हणाले, आमच्याकडे आमदार होता तो नुब्राचा. बरा असो वाईट असो, त्याचं घर ठाऊक होतं. आता हिल कौन्सिलचा कौन्सिलर आणि त्याच्यावर थेट खासदार. या खेपेचा खासदार कारगिलचा. इथून कारगिल म्हणजे आधी खारदुंगला ओलांडून लेह, मग फोतु ला आणि नमिका ला. आणि तिकडचा माणूस लेहच्या खासदाराला भेटायला हाच रस्ता उलटा करतो.

दादानं मग राज्यघटनेचं कलम 81 काढलं. शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस. लोकसंख्येच्या प्रमाणात जागा हा नियम साठ लाखांपर्यंत लोकसंख्या असलेल्या राज्यांना लागू नाही. केंद्रशासित प्रदेशांना मिळून वीसपर्यंत जागा देता येतात आणि त्या कशा द्यायच्या ते संसद कायद्यानं ठरवते. 2019 च्या पुनर्रचना कायद्यानंच जम्मू-काश्मीरला पाच आणि लडाखला एक जागा दिली. तो आकडा संसदेनं लिहिला, संसद बदलू शकते. लेहला एक, कारगिलला एक. बेरजा-वजाबाक्यांवर चाललेली पस्तीस वर्षांची ओढाताण त्यानं पुष्कळ सैल होईल असं मलाही वाटतं. माणसं कमी आहेत म्हणून एकच खासदार, हा हिशेब तीन घाट ओलांडणाऱ्या माणसाला सांगवत नाही.

घरमालक लक्ष देऊन ऐकत होते. असा कायदा मांडायचा कुणी, त्यांनी विचारलं. सरकारनं, किंवा खाजगी विधेयक म्हणून कुठल्याही खासदारानं, दादा म्हणाला.

“हमारा तो एक ही है। आपके महाराष्ट्र में कितने हैं?”

“अड़तालीस.”

“तो उनसे भी कहिए ना।”

आमच्या मतदारसंघाच्या खासदाराला लिहायच्या पत्राचा मसुदा दादानं त्याच रात्री वहीच्या मागच्या पानावर सुरू केला. आकडे मी वाचून दाखवले.